जर्मन लष्करी पिस्तुलांची फ्रेम, पृष्ठसंस्कार व सुटे भाग : पुराव्याच्या वाचनाचा एक प्रश्न

जुन्या शस्त्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा यंत्ररचनेकडे वळते. गोळी कोणत्या मापाची, नळी मागच्या भागाशी कशी अडकविली जाते, पुढचे काडतूस कसे वर येते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की वर्णन पुरे झाले असे मानण्याचा प्रघात आहे. फ्रेम कोणत्या धातूची, तिच्या पृष्ठभागावर कोणता संस्कार झालेला, चाप आणि सुरक्षा-खटका कोणत्या रंगाचे, मुठीच्या पट्ट्या लाकडाच्या की बेकेलाइटच्या, हे तपशील संग्राहकांच्या हौसेचे म्हणून बाजूस सारले जातात. वस्तुतः कारखान्याची कागदपत्रे जळाली, विखुरली किंवा मुद्दाम संदिग्ध ठेवली गेली असतील तेथे हेच तपशील प्राथमिक साधनाचे काम करतात. १९३७ ते १९४५ या काळातील जर्मन लष्करी पिस्तुले हे याचे उत्तम उदाहरण होय. मात्र या साधनाचे वाचन आजवर एका ठरीव सूत्राने होत आले आहे. आरंभीचे ते गुळगुळीत म्हणून उत्तम, अखेरचे ते खडबडीत म्हणून निकृष्ट, असे ते सूत्र. ते कितपत टिकते हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. धातू घासून आणलेली झिलई ही एक, आणि त्या धातूवर रासायनिक क्रियेने आणलेला थर ही दुसरी. स्वयंभरण पिस्तुलावरील निळसर-काळा रंग हा वरून चढविलेला लेप नव्हे. तो पोलादाचाच पृष्ठभाग बदलून बनलेला लोहाच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. त्याच्याखाली घासणीच्या खुणा असतील तर त्या जशाच्या तशा दिसतात. म्हणून ‘काळोखी उत्तम, घासणी ओबडधोबड’ किंवा याच्या उलट, अशी जोडी एकाच पिस्तुलावर संभवते. या संस्काराला इंग्रजीत निळाईवरून नाव पडले आहे; जर्मनमध्ये त्यालाच ‘ब्रुनीरेन’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी तपकिरी रंग आहे. जुन्या बंदुकांच्या नळ्या गंजवून तपकिरी करीत असत, त्याची ही भाषिक खूण. वस्तू काळी, एका भाषेत तिचे नाव निळे आणि दुसऱ्या भाषेत तपकिरी! शब्दावरून प्रक्रियेचा अंदाज बांधणाऱ्याची येथे फसगत होते.

१९०८ मध्ये जर्मन सेनेने स्वीकारलेले पी. ०८, म्हणजे सर्वपरिचित ल्यूगर पिस्तूल, या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याच्या मोठ्या भागांवर गंजपद्धतीचा संस्कार होत असे: पोलादावर हलका गंज आणावयाचा, तो उकळत्या पाण्यात काळा करावयाचा, सैल थर घासून काढावयाचा, आणि हेच चक्र पुनःपुन्हा फिरवावयाचे. यास दिवस लागत. उलट चाप, सुरक्षा-खटका, सोडणीचा खटका आणि काडतूसपेटीची कळ हे लहान भाग पिवळसर, वाळलेल्या गवताच्या रंगाचे असत. हा रंग केवळ शोभेसाठी नव्हता. पाणी दिलेले पोलाद पुन्हा हलके तापविले असता सुमारे २२० ते २४० अंश सेल्सियसच्या दरम्यान त्यावर ही पिवळी छटा उमटते. छिन्नीला पाणी देणारा कोणताही लोहार हा रंग ओळखतो. काळ्या देहावरील हे पिवळे लहान अवयव पाहणाऱ्यास दागिन्यासारखे वाटतात, पण मुळात ती भट्टीची नोंद आहे.

१९३७ मध्ये माउजर कारखान्याने ही पद्धत सोडली. तप्त क्षारद्रावणात भाग बुडवून काही मिनिटांत काळे करण्याची पद्धत आली आणि लहान भागांची पिवळी छटाही त्याच वर्षी लोपली. हे वर्ष महत्त्वाचे आहे. युद्धास अजून दोन वर्षे अवकाश होता, कच्च्या मालाची टंचाई नव्हती, आणि तरीही ‘ऱ्हासाची’ म्हणून सांगितली जाणारी पहिली खूण येथे दिसते. याचे कारण वेगळे होते. शस्त्रसज्जतेचा वेग वाढला होता आणि तो झाकावयाचाही होता. माउजरने काही वर्षे आपले नाव न छापता ‘एस/४२’ हा संकेत छापला. १९३४ साठी ‘के’ आणि १९३५ साठी ‘जी’ ही अक्षरे वापरली. पृष्ठसंस्कारातील बदल आणि नावाचे लपविणे ही एकाच धोरणाची दोन अंगे होत. स्वित्झर्लंडचे उदाहरणही येथे ध्यानात घ्यावे. तेथील बर्नच्या शस्त्रशाळेने १९२९ च्या नमुन्यात याच पिस्तुलाचा आकार सोपा केला आणि मुठीला लालसर तपकिरी प्लास्टिकच्या पट्ट्या बसविल्या. तो देश लढत नव्हता. कारण खर्चाचे होते. तेव्हा साधेपणा दिसला की युद्ध शोधावयाचे, हा तर्क धरता येत नाही.

ल्यूगरच्या जागी आलेले वाल्थरचे पी. ३८ मुळापासूनच कमी यंत्रकामात तयार व्हावे अशा हेतूने आखलेले होते. थुरिंजियातील त्सेला-मेलिस येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. आरंभीच्या सुमारे १३,००० पिस्तुलांच्या क्रमांकाआधी शून्य असे आणि स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, वाल्थरचे व्यापारी चिन्ह असे. त्यांची झिलई व्यापारी पिस्तुलासारखी आरशाची आहे. १९४० मध्ये चिन्ह गेले, ‘४८०’ हा अंक आला, आणि त्याच वर्षी ‘एसी’ ही अक्षरे आली. १९४१ च्या मध्यावर आरशाची झिलई थांबली व घासणी जाडीभरडी झाली. १९४४-४५ च्या नमुन्यांवर तर स्लाइडवर कातकामाच्या यंत्राचे चरे सरळ वाचता येतात.

येथपर्यंत ठरीव सूत्र लागू पडते असे वाटेल. परंतु पिस्तूल उघडून आतील भाग पाहिले म्हणजे चित्र पालटते. बाहेरील सपाट बाजूंची घासणी सोडून दिली गेली. पण नळीला स्लाइडशी जखडणारा अडसर, चापाच्या कडीचा कंगोरा, नळीची आतील बाजू यांच्या मापांत तशी ढिलाई केली गेली नाही. प्रत्येक पिस्तुलावर दाबचाचणीचा व तपासनिसाचा छाप अखेरपर्यंत मारला जात होता. वाल्थरच्या तपासनिसाचा क्रमांक ३५९, माउजरचा १३५, श्प्रेवेर्कचा ८८. काटकसर कोठे केली आणि कोठे केली नाही, या दोहोंची नोंद एकत्र घेतली तरच व्यवस्थापनाचा निर्णय कळतो. तो निर्णय असा की ज्या श्रमाने शस्त्राचे काम सुधारत नाही तो श्रम काढून टाकावा. याला ऱ्हास म्हणावयाचे की विवेक, हा प्रश्न इतिहासकाराने आधी सोडविलेला असावा.

तीन कारखान्यांची तुलना केली असता हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ओबर्नडोर्फ येथील माउजरने १९४२ च्या अखेरीस पी. ३८ हाती घेतले. त्याचा संकेत ‘बीवायएफ’, आणि १९४५ मध्ये ‘एसव्हीडब्ल्यू’. सुडेटेन प्रदेशातील ग्रोटाऊ, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ह्रादेक नाद निसोऊ, येथील श्प्रेवेर्कचा संकेत ‘सीवायक्यू’. एकाच वर्षी बनलेली माउजरची पिस्तुले तुलनेने नेटकी आणि श्प्रेवेर्कची सर्वांत खरबरीत असतात. म्हणजे खरबरीतपणा हा केवळ कालनिदर्शक नाही, स्थलनिदर्शकही आहे. शिवाय श्प्रेवेर्कने पिस्तुलावर वर्ष छापलेच नाही. त्यामुळे तेथे कालनिर्णय क्रमांक व लहान भागांवरूनच करावा लागतो. त्या कारखान्याच्या अखेरच्या नमुन्यांवर ‘सीव्हीक्यू’ अशी अक्षरे दिसतात. ते स्वतंत्र संकेतचिन्ह नव्हे. ठसा झिजून-फुटून लहान लिपीतील रोमन ‘वाय’ हा ‘व्ही’सारखा उमटू लागला, एवढेच. लेखनिकाच्या हस्तदोषातून नवा शब्द कोशात शिरावा, त्यातलाच हा प्रकार.

सुट्या भागांचे मूळस्थान हा आणखी एक धडा आहे. व्याप्त बेल्जियममधील एफ. एन. कारखान्यात पी. ३८ साठी फ्रेम व स्लाइड बनत. प्रागच्या शस्त्रशाळेतून नळ्या येत. त्यामुळे एकाच पिस्तुलावर तीन देशांतील छाप असणे ही भेसळ नसून मूळ स्थिती होय. संग्रहालयातील नोंदवहीत ‘भाग जुळत नाहीत’ असा शेरा मारताना हा भेद पाहिला गेलेला नसतो. या तीन देशांच्या मागे माणसे होती. ओबर्नडोर्फच्या कारखान्यात परदेशी सक्तमजुरांची संख्या मोठी होती, आणि वाल्थरने नॉयेनगामे येथील छळछावणीत स्वतंत्र कारखाना उभारून तेथील बंद्यांकडून रायफलीचे भाग करवून घेतले. स्लाइडवरील अमुक चरा अमुक हाताचा, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. तसा निष्कर्ष धातूतून निघत नाही. पण घासणीचे तास का वाचविले गेले आणि ते तास कोणाचे होते, हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडताही येत नाहीत.

१९४४ च्या अखेरीस माउजरच्या काही पिस्तुलांवर राखी-हिरवट फॉस्फेटचा थर दिसू लागतो; कित्येकदा एक भाग फॉस्फेटचा व दुसरा काळ्या ऑक्साइडचा असे दुरंगी रूप येते. फॉस्फेट हा निकृष्ट पर्याय होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. इंग्लंडमध्ये कॉस्लेटने १९०६ मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले, अमेरिकेत ती पार्करच्या नावाने प्रसिद्ध झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या एम. १९११ ए-१ पिस्तुलासाठी ती बुद्ध्या स्वीकारली. राखी थर चमकत नाही, तेल धरून ठेवतो आणि गंजाला ऑक्साइडपेक्षा अधिक काळ दाद देत नाही. अमेरिकन नमुन्यावर ज्यास लष्करी शहाणपण म्हणतात त्यास जर्मन नमुन्यावर अगतिकता म्हणावयाचे, ही विजेत्याच्या दृष्टीने लिहिलेली धातुविद्या झाली.

एप्रिल १९४५ मध्ये ओबर्नडोर्फ फ्रेंचांच्या हाती गेले. त्यांनी शिल्लक भागांवरून १९४६ पर्यंत पी. ३८ जुळविली, त्यांवर फ्रेंच ताऱ्याचा छाप, राखी थर आणि पुष्कळदा दाबून काढलेल्या पत्र्याच्या मुठी आढळतात. संकेत मात्र ‘एसव्हीडब्ल्यू’च. पूर्वेकडे सोव्हिएत शस्त्रागारांत हस्तगत पिस्तुले खोलली गेली, भाग एकमेकांत मिसळले गेले, सर्व पुन्हा काळ्या द्रावणात बुडविले गेले आणि भागांवर नवे क्रमांक घातले गेले. पूर्व जर्मन पोलिसांसाठी दुरुस्त झालेल्या काही नमुन्यांवरील स्वस्तिक घासून टाकलेले आहे.

अशा पिस्तुलांना बाजारात कमी भाव येतो, आणि म्हणून त्यांना ‘मूळ’ रूप देण्याचा उद्योग चालतो. झिलई करून पुन्हा काळे केलेले पिस्तूल नवे दिसते. पण छापांच्या कडा गोलावतात, अक्षरांचे खोलगे भरून येतात, गंजाचे व्रण काळ्या थराखाली शाबूत राहतात आणि संस्कारानंतर मारलेल्या छापाभोवतीची धातूची उजळ कड नाहीशी होते. पाठचिकित्सेचा परिचय असणाऱ्यास हे नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते शुद्धीकरण आज स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा आहे, कारण ते केव्हा व कोणी केले हे ज्ञात आहे. सोव्हिएत शस्त्रागाराची दुरुस्ती या वर्गात बसते. निनावी दुकानात केलेली झिलई बसत नाही. तिने एक पाठ पुसला व दुसरा दिला नाही.

फ्रेमच्या धातूचा प्रश्न युद्धोत्तर काळात पुढे आला, तरी त्याचे मूळ आधीचे आहे. वाल्थरने आपल्या पी. पी. व पी. पी. के. या लहान पिस्तुलांच्या ड्युरल फ्रेम युद्धापूर्वीच विकल्या होत्या. ड्युरल म्हणजे आल्फ्रेट विल्म याने शोधलेले, काही दिवसांत आपोआप कठीण होणारे अॅल्युमिनियमचे मिश्रण. कठीण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले असा समज आहे. परंतु ते जेथे बनले त्या ड्यूरेन गावावरून ते पडले. अमेरिकेत कोल्टने १९४९ मध्ये कमांडर हे हलक्या फ्रेमचे पिस्तूल काढले. पश्चिम जर्मन सेनेसाठी वाल्थरने उल्म येथे १९५७ पासून पी. ३८ पुन्हा सुरू केले, ते अॅल्युमिनियमच्या फ्रेमसह. १९६३ मध्ये त्याचे नाव पी. १ झाले.

अॅल्युमिनियमवर काळा ऑक्साइड चढत नाही. तेथे विजेच्या साहाय्याने त्याच धातूचा कठीण ऑक्साइड वाढवून तो काळा रंगवितात. फ्रेमचे कोपरे झिजले की पोलादाप्रमाणे करडी नव्हे, तर रुपेरी रेषा दिसते, आणि फ्रेम कशाची आहे हे हातात न घेताही ओळखता येते. पण हलकेपणाची किंमत आत मोजावी लागली. गोळी सुटताना पोलादी अडसर मऊ फ्रेमवर आदळत राही. त्यामुळे स्लाइड जाड करण्यात आली, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून फ्रेममध्ये त्या जागी षट्कोनी पोलादी खीळ आडवी बसविली गेली. दुरुस्तीच्या वेळी जुन्या फ्रेमवर नव्या जाड स्लाइडही चढविल्या गेल्या. खीळ चापाच्या वर बाहेरून दिसते. स्लाइडवरील वर्ष काहीही असो, फ्रेमचे वय त्या खिळीवरून ठरते.