पहिला घास : नागलीच्या सत्त्वापासून डब्यातल्या दुधापर्यंत

चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला, हे आपल्या मुलांना शाळेतच पाठ होते. वेढा किती दिवस चालला, सुरुंग कोठे लागले, तह कोणत्या अटींवर झाला, हे सारे ग्रंथांतून वाचावयास मिळते. परंतु किल्ल्याच्या तटाबाहेरच्या एखाद्या घरात सहा महिन्यांच्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या हातातील वाटीत काय होते, हा प्रश्न इतिहासकारांना सहसा पडत नाही. वस्तुतः त्या वाटीलाही स्वतःचा इतिहास आहे. त्यात रसायनशास्त्र आहे, व्यापार आहे, न्यायालये आहेत, आणि अनेकांना ठाऊक नसलेला आपल्या ख्रिस्तसभेचाही एक भाग आहे.

आरंभ अर्थातच आईच्या दुधापासून करावयास हवा. रोममध्ये प्रिसिलाच्या भूमिगत दफनभूमीत पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनी रंगविलेले एक भित्तिचित्र आहे. मांडीवर बाळ घेतलेल्या त्या मातेला पवित्र मरियेच्या सर्वांत प्राचीन चित्रांपैकी एक मानतात, आणि ते बाळ तिच्या छातीशी आहे. बेथलेहेमला तर ‘दुधाची गुंफा’ या नावाचे तीर्थस्थानच आहे. मरियामाता येशूबाळाला पाजीत असता दुधाचा थेंब तेथील खडकावर पडला आणि खडक पांढरा झाला, अशी आख्यायिका सांगतात. मूल व्हावे म्हणून आणि अंगावर दूध उतरावे म्हणून बाया तेथे शतकानुशतके जात आल्या आहेत. पुढील काळात अशी चित्रे देवळांत कमी होत गेली. पण आरंभीच्या श्रद्धावंतांना त्यात संकोच वाटण्याजोगे काही दिसले नव्हते.

आपल्याकडील जुन्या रिवाजाचे सारेच गोडवे गावेत असे मात्र नाही. बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस येणारा दाट, पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची पद्धत महाराष्ट्रात, इतकेच नव्हे तर देशभर, फार घरांत होती. तोवर बाळाला मध चाटवीत, गुटी देत. आज आपण जाणतो की रोगांशी झुंजण्याचे पहिले बळ बाळाला त्या चिकातूनच मिळते. मधातून क्वचित येणारे जंतू वर्षाच्या आतील बाळाला घातक ठरू शकतात, हे १९७६ नंतर स्पष्ट झाले. गंमत अशी की गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण शेजारीपाजारी वाटतो आणि आवडीने खातो. वासराच्या वाट्याचा चीक आपल्याला अमृत वाटला आणि आपल्या बाळाच्या वाट्याचा मात्र आपण मोरीत ओतला!

आता वाटीकडे येऊ. बाळ बसू लागले, मोठ्यांच्या ताटाकडे हात करू लागले, की त्याला मऊभात, भाताची पेज आणि नागलीचे सत्त्व देण्यास सुरुवात होई. ठाणे, पालघर आणि रायगडच्या डोंगरउतारावरील वरकस जमिनीत हे धान्य पिकते. कोणी त्याला नागली म्हणतात, कोणी नाचणी. त्याचे मूळ घर पूर्व आफ्रिकेच्या पठारांवरचे. पण येथे ते इतक्या प्राचीन काळी आले की त्याला परके म्हणण्यात अर्थ नाही. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तितक्याच तांदळात जेमतेम दहा.

सत्त्व करणे वेळखाऊ होते. नागली निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालायची. सकाळी पाणी निथळून ओल्या पंच्यात बांधून ठेवायची. एक-दोन दिवसांत बारीक मोड आले की सावलीत पसरून खडखडीत वाळवायची, मंद आचेवर किंचित भाजायची, जात्यावर दळायची आणि पीठ वस्त्रगाळ करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. रोज त्यातील चमचाभर पाण्यात कालवून शिजवायचे आणि वर दूध व थोडा गूळ घालायचा. यातील मोड आणण्याची पायरी वगळली तर चालणार नाही, असे आज्यांचे निक्षून सांगणे असे. का, असे विचारले तर ‘पचायला हलके’ एवढेच उत्तर मिळे.

ते उत्तर अपुरे होते, पण चूक नव्हते. साध्या पिठाची पेज शिजताना पिष्ट फुगून ती खळीसारखी घट्ट होते. बाळाला गिळता यावी म्हणून आई तिच्यात पाणी वाढवते, आणि मग इवल्याशा पोटात अन्न थोडे व पाणी फार जाते. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचे पाचक द्रव्य तयार होते. ते पिष्टाचे मोठे कण तोडते, म्हणून मोडाच्या पिठाची पेज पीठ अधिक घालूनही पातळच राहते. भाजणे ‘किंचित’ का, याचेही कारण येथेच आहे. आच अधिक लागली तर ते द्रव्य नष्ट होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरेच संशोधन केले. शिजलेल्या घट्ट पेजेत मोडाच्या पिठाची चिमूट टाकली तरी ती पाहता पाहता पातळ होते, असे त्यांना आढळले. पाच-दहा पैशांच्या पिठात होणारे हे काम होते.

याच तत्त्वावर युरोपात एक मोठा उद्योग उभा राहिला. यूस्टुस फॉन लीबिग हा जर्मनीचा ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८६५ साली बाळांसाठी एक कृती प्रसिद्ध केली. तिच्यात गायीचे दूध, गव्हाचे पीठ, थोडा क्षार आणि मोड आणलेल्या धान्याचे पीठ होते. म्हणजे आपल्या आजीच्या पंच्यातील मोड जर्मन प्रयोगशाळेत जाऊन ‘शास्त्रीय अन्न’ झाले. दोनच वर्षांनी, १८६७ साली, स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे हेन्री नेस्ले या औषधविक्रेत्याने दूध, भाजलेल्या गव्हाचे पीठ आणि साखर यांची भुकटी बाजारात आणली. अकाली जन्मलेल्या आणि आईचे दूध न घेणाऱ्या एका बाळाला ती मानवल्याने तिची ख्याती झाली. नेस्लेने १८७५ मध्ये आपला कारखाना विकला. नाव मात्र मागे राहिले.

या शोधकांविषयी कटुता बाळगण्याचे कारण नाही. त्या काळच्या युरोपात कारखान्यांत बारा-बारा तास राबणाऱ्या आया होत्या, अनाथालयांत टाकलेली मुले होती, शहरांतील दूध भेसळीचे होते. ज्या बाळाला आईच नाही, त्याच्यासाठी डबा वरदान होता. घोटाळा झाला तो डबा ज्यांना नको होता त्यांच्या घरी शिरला तेव्हा.

तो आपल्याकडेही आला. न्यूझीलंडमध्ये दुधाच्या भुकटीपासून सुरू झालेले ‘ग्लॅक्सो’ हे नाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत इतके रुळले की गुबगुबीत मुलाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणू लागले. पुढे त्याच अर्थाने ‘अमूल बेबी’ आले. परदेशी भुकटीवर परकीय चलन खर्च होऊ नये म्हणून म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळाचे अन्न तयार करण्याची पद्धत बसविली आणि आणंदच्या सहकारी संघाने ती प्रत्यक्षात आणली. म्हशीच्या दुधाची भुकटीच होत नाही, असे पाश्चात्त्य तज्ज्ञ सांगत असता ती करून दाखविणे हा खरोखर पराक्रम होता. परंतु परदेशी असो वा स्वदेशी, डब्यावरचे गोरे, गुटगुटीत बाळ एकच गोष्ट सुचवीत होते, आणि ती आईच्या मनात रुजली : माझे दूध पुरत नसेल.

ही शंका विनोदाने घेण्यासारखी नाही. बाळ जितके ओढते तितके दूध उतरते. बाटली सुरू झाली की बाळ ओढेनासे होते, दूध आटते, आणि मग बाटलीवाचून गत्यंतर उरत नाही. डबा महाग असल्यामुळे गरीब घरात भुकटी कमी व पाणी जास्त पडते. पाणी विहिरीचे वा सार्वजनिक नळाचे, आणि बाटली उकळण्यास जळण नाही. बाळाला जुलाब होतात, ते वाळते, आणि मरते.

हे प्रथम कठोर शब्दांत बोलण्याचे धैर्य सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी दाखविले. जमैकात जन्मलेल्या या बाईंनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये (आजच्या घानामध्ये) काम करताना ‘क्वाशिओर्कोर’ हा कुपोषणाचा आजार जगाच्या नजरेस आणला होता. सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे १९३९ साली त्यांनी ‘दूध आणि खून’ या नावाचे भाषण केले. परिचारिकेच्या पोशाखातील बायका पाठवून गोड आटीव दूध मातांच्या गळी उतरविणाऱ्या प्रचारामुळे होणारे बालमृत्यू खून समजले जावेत, असा त्यांचा रोख होता. क्लबचे अध्यक्षपद त्या वेळी दूध विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुखाकडे होते, असे सांगतात. लवकरच महायुद्ध आले, बाई जपान्यांच्या कैदेत पडल्या, आणि हा विषय पुढे पस्तीस वर्षे मागे पडला.

१९७४ मध्ये इंग्लंडमधील ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेच्या पुस्तिकेने तो पुन्हा उजेडात आणला. आणि येथे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन येथील ‘सिस्टर्स ऑफ द प्रेशस ब्लड’ या संघाच्या धर्मभगिनी इतिहासात प्रवेश करतात. त्यांच्या संघाचे काही भाग ब्रिस्टल-मायर्स या औषध कंपनीत होते, आणि ही कंपनी बाळांचे कृत्रिम दूधही विकत होती. ज्यांना ते नीट वापरता येणे शक्य नाही अशा गरीब देशांत तुम्ही ते विकता काय, असे या भागधारक भगिनींनी विचारले. कंपनीने दिलेले उत्तर भागधारकांची दिशाभूल करणारे आहे, असे म्हणत त्यांनी १९७६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. अनेक देशांतून प्रतिज्ञापत्रे गोळा केली. १९७७ मध्ये दावा फेटाळला गेला, पण भगिनी अपिलात गेल्या. अखेर १९७८ च्या आरंभी तडजोड झाली आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे सर्व भागधारकांपुढे ठेवणे कंपनीला मान्य करावे लागले. न्यायाच्या कागदावर हा विजय नव्हे. तरी आयुष्यभर ब्रह्मचर्यव्रत पाळणाऱ्या स्त्रियांनी दूर देशांतील लेकुरवाळ्यांसाठी इतका बारीक हिशेब मांडावा, हे मला त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत हृद्य वाटते.

१९७७ च्या जुलैत अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला होता. १९७८ च्या मे महिन्यात सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या समितीपुढे नेस्लेच्या ब्राझीलमधील प्रमुखांनी ही चळवळ म्हणजे चर्चसंस्थांनी मुक्त अर्थव्यवस्थेवर केलेला हल्ला आहे, असा पवित्रा घेतला. तो अंगलट आला. पुढे २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. बाजूने ११८ मते, विरुद्ध एक. ते एक मत अमेरिकेचे होते.

रोमनेही मौन पाळले नव्हते. पोप पायस बारावे यांनी १९४१ सालीच मातांना शक्यतो स्वतः पाजण्याचा उपदेश केला होता. १२ मे १९९५ रोजी संत जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकनमध्ये शास्त्रज्ञांपुढे बोलताना त्याचे स्मरण दिले. आईला पाजता यावे म्हणून तिला वेळ, माहिती आणि आधार देणे हे कुटुंबाचे व समाजाचे काम आहे, हा त्यांचा मुद्दा मला विशेष मोलाचा वाटतो, कारण उपदेश बहुधा एकट्या आईलाच केला जातो.

भारतात स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारे ‘बीपीएनआय’ हे जाळे ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्या वर्ध्यात स्थापन झाले. पाठोपाठ १९९२ चा कायदा आला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. बाळाच्या कृत्रिम दुधाची जाहिरात, फुकट नमुने आणि डब्यावर बाळाचे वा आईचे चित्र यांवर त्याने बंदी घातली. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सर्वच तयार अन्नाच्या प्रचाराला अटकाव केला. डब्यावरचे ते गुबगुबीत बाळ अशा रीतीने नाहीसे झाले. परंतु २०२४ च्या एप्रिलात स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने दाखवून दिले की नेस्लेच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बाळांच्या धान्यभुकटीत दर वाढणीमागे सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास जादा साखर आहे, तर खुद्द स्वित्झर्लंडमधील तशाच मालात ती नाही. पाच वर्षांत साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असे कंपनीने उत्तर दिले.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस नवजात बालकांच्या विभागात काम करीत. अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढी बाळे तेथे जंतुसंसर्गाने दगावत. १९८९ साली त्यांनी तेथे मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. ज्या बाळंतिणींना अधिक दूध येते त्या ते काढून देतात. दूध ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून, जंतुपरीक्षा करून, गोठवून ठेवतात. ज्या बाळाची आई अत्यवस्थ आहे किंवा जिला अजून दूध उतरलेले नाही, त्याला ते थेंबाथेंबाने, कधी नळीने तर कधी वाटी-चमच्याने पाजतात. बाटली वापरीत नाहीत.