हिशेब तपासणाऱ्यांचं कंत्राट

३० सप्टेंबर २०२३. इंग्लंडमधल्या ४६७ स्थानिक संस्थांचे मागच्या आर्थिक वर्षाचे हिशेब या तारखेपर्यंत तपासून जाहीर व्हायला हवे होते. यात आपल्याकडच्या महापालिका आणि जिल्हा परिषदांसारखी कौन्सिलं होती, तसेच पोलीस आणि अग्निशमन दलंही. प्रत्यक्षात काम पूर्ण झालं पाच संस्थांचं. म्हणजे शंभरात एक.

ज्या देशात आजच्या बड्या ऑडिट कंपन्यांची पाळंमुळं आहेत, तिथली ही अवस्था. यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्याच्या मध्यभागी एक साधा प्रश्न आहे. सरकारी पैशावर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाने स्वतःचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावं का, आणि दिलं तर किती?

जुनी माणसं

१८३४ च्या गरीब कायद्यानंतरही इंग्लंडमध्ये निराधारांसाठी गावोगावी करातून पैसा खर्च होत होता. तो कोण कसा उडवतो हे बघायला १८४४ पासून ‘डिस्ट्रिक्ट ऑडिटर’ नेमले जाऊ लागले. त्यांच्या हातातलं हत्यार जबरदस्त होतं. खर्च बेकायदा ठरला, तर तो मंजूर करणाऱ्याच्या खिशातून वसूल करता येत असे.

हे ऑडिटर नेहमी गरिबांच्या बाजूचे होते असं मुळीच नाही. पूर्व लंडनच्या पॉपलर भागातल्या मजूर पक्षाच्या नगरसेवकांनी पहिल्या महायुद्धानंतर कामगारांना किमान ४ पौंड आठवडी पगार ठरवला. बाईलाही तेवढाच, पुरुषालाही तेवढाच. डिस्ट्रिक्ट ऑडिटरने हा खर्च अवाजवी ठरवून नगरसेवकांवर वसुली लावली आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑडिटरचं म्हणणं उचलून धरलं. आज तो निकाल वाचताना राग येतो. पण तो ऑडिटर कौन्सिलच्या पगारावर नव्हता आणि कोणी काढून टाकेल म्हणून गप्प बसणाराही नव्हता, एवढं त्यातून दिसतं.

सत्तर-तीस

मार्गारेट थॅचर यांच्या काळात मंत्री मायकल हेसल्टाइन यांना कौन्सिलांच्या खर्चाला शिस्त लावायची होती. १९८२ च्या कायद्याने ‘ऑडिट कमिशन’ जन्माला आलं आणि १९८३ मध्ये कामाला लागलं. पहिले प्रमुख जॉन बॅनम हे मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतून आलेले. म्हणजे खासगी क्षेत्राचा वारा पहिल्या दिवसापासून होता.

पण कमिशनची रचना हुशारीची होती. साधारण सत्तर टक्के काम जुन्या डिस्ट्रिक्ट ऑडिटरांच्या सरकारी फौजेकडे राहिलं आणि तीस टक्क्यांच्या आसपास खासगी कंपन्यांना दिलं गेलं. कोणत्या कौन्सिलला कोण तपासणार हे कमिशन ठरवायचं. कौन्सिलला फी भरावी लागे, निवड मात्र तिच्या हातात नसे.

याचा फायदा काय? घरात स्वतः स्वयंपाक करणाऱ्या माणसाला डबेवाला किती पैसे लावतो आणि डाळीत पाणी किती घालतो, हे लगेच कळतं. कमिशनकडे स्वतःचे ऑडिटर असल्यामुळे एखाद्या कामाला किती दिवस लागतात, त्याचा वाजवी दर काय, हे त्याला ठाऊक होतं. कंपनीने काम सोडलं, तर ते करायला माणसंही होती.

वेस्टमिन्स्टरचं प्रकरण

खासगी ऑडिटर म्हणजे मिंधा ऑडिटर, असं वाटत असेल तर हे प्रकरण बघा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलवर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची सत्ता होती आणि शर्ली पोर्टर तिच्या प्रमुख होत्या. काठावरच्या वॉर्डांमध्ये कौन्सिलची घरं भाड्याने देण्याऐवजी विकायची, म्हणजे आपल्याला मत देतील असे लोक तिथे राहायला येतील, असा डाव आखला गेला. ‘मतांसाठी घरं’ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला.

१९८९ मध्ये रहिवाशांनी हरकत घेतली. तपास करणारे जॉन मॅगिल हे टूश रॉस या खासगी कंपनीचे ऑडिटर होते, पुढे ही कंपनी डेलॉइटमध्ये मिसळली. १९९६ मध्ये त्यांनी अंतिम अहवाल देऊन पोर्टर आणि इतरांवर ३ कोटी पौंडांहून जास्त वसुली लावली. मधल्या कोर्टाने ती रद्द केली, पण डिसेंबर २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मॅगिल यांच्या बाजूने निकाल दिला. अखेर २००४ मध्ये पोर्टर यांनी १ कोटी २३ लाख पौंड भरून प्रकरण मिटवलं.

देशात त्याच पक्षाचं सरकार असताना एका कंत्राटी ऑडिटरने हे करून दाखवलं. मॅगिल यांचा चिवटपणा त्यात होताच. शिवाय त्यांना नेमणारं कमिशन त्यांच्या आणि कौन्सिलच्या मध्ये उभं होतं. वेस्टमिन्स्टरला त्यांना घरी पाठवता येत नव्हतं.

शंभर टक्के

१३ ऑगस्ट २०१० रोजी मंत्री एरिक पिकल्स यांनी ऑडिट कमिशन बंद करण्याची घोषणा केली. वर्षाला ५ कोटी पौंड वाचतील, असा दावा होता. कमिशन स्वतःच उधळपट्टी करतं, लॉबिंग करणाऱ्या कंपनीला पैसे देतं, अशी टीकाही झाली. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्याच्या स्वतःच्या बिलात असा खर्च सापडला, की त्याची बाजू घ्यायला कोणी उरत नाही.

२०१२ मध्ये उरलेलं सत्तर टक्के कामही पाच वर्षांच्या कंत्राटावर बाहेर गेलं. सर्वांत मोठा वाटा ग्रँट थॉर्नटनला मिळाला. केपीएमजी, अर्न्स्ट अँड यंग आणि एक लहान भागीदारी यांनी बाकीचं घेतलं. सुमारे सातशे सरकारी ऑडिटर त्या कंपन्यांच्या पगारावर गेले. कौन्सिलांची फी ४० टक्क्यांपर्यंत उतरली आणि सगळे खूश झाले. ३१ मार्च २०१५ ला कमिशनचं दार कायमचं बंद झालं. पुढच्या कंत्राटांत, २०१८-१९ च्या हिशेबांपासून, फी आणखी २३ टक्क्यांनी कमी झाली.

ऑडिटर नेमण्याचं काम आता एका वेगळ्या कंपनीकडे होतं, त्यामुळे नेमणुकीची स्वतंत्रता बऱ्यापैकी टिकली. मात्र स्वयंपाकघर बंद झालं होतं. हा दर परवडण्यासारखा आहे का, हे अनुभवाने सांगणारं कोणी उरलं नाही. त्याच काळात कौन्सिलं कर्ज काढून मॉल, ऑफिसं, उंच इमारती यांत पैसा गुंतवत होती. तपासायचं काम अवघड झालं आणि त्याचा मोबदला घटला. कंपन्यांनी मग आपली चांगली माणसं जास्त पैसे देणाऱ्या कामांकडे वळवली.

२०१८-१९ चे ४० टक्क्यांहून जास्त हिशेब मुदतीत झाले नाहीत. कोव्हिडच्या आधीची ही गोष्ट आहे. २०२० मध्ये टोनी रेडमंड यांच्या सरकारी अहवालाने सांगितलं की, या सगळ्या व्यवस्थेला एकत्र जबाबदार असं कोणीच नाही. २०२०-२१ चे फक्त ९ टक्के हिशेब वेळेत झाले आणि मग आला तो एक टक्का.

याची झळ कोणाला बसते? वोकिंग हे लंडनजवळचं साधारण लाखभर वस्तीचं गाव. जून २०२३ मध्ये तिथल्या कौन्सिलने हात वर केले. वर्षाचा मूळ निधी १ कोटी ६० लाख पौंड आणि समोर उभी तूट १२० कोटी पौंडांची. पुढच्या वर्षी लोकांचा कर १० टक्क्यांनी वाढला. कर्ज ऑडिटरने काढलं नव्हतं, कौन्सिलने काढलं होतं. पण वेळेवर झालेलं ऑडिट नागरिकाला खड्डा दाखवतं, तो आणखी खोल होण्याआधी.

परतीची वाट

आता बिल आलं आहे. २०२३-२४ पासूनच्या नव्या कंत्राटांत फी सुमारे १५० टक्क्यांनी वाढेल, असं कौन्सिलांना कळवण्यात आलं. तुंबलेले हिशेब निकालात काढायला १३ डिसेंबर २०२४ ही अंतिम मुदत ठरली आणि शेकडो हिशेबांवर ‘मत देता येत नाही’ असा शेरा मारून ते बंद केले गेले. त्याआधी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या महालेखापरीक्षकांनी संपूर्ण सरकारच्या एकत्रित हिशेबावरही मत द्यायला नकार दिला होता. असं पहिल्यांदाच घडलं.

आपल्याकडेही बाहेरून काम करून घेतलं जातं. सरकारी कंपन्यांचं ऑडिट खासगी सीए फर्म करतात. पण त्या फर्मची नेमणूक ‘कॅग’ करतं आणि तिच्या कामावर स्वतःचं पूरक लेखापरीक्षण करण्याचा अधिकार हाताशी ठेवतं. तो अधिकार वापरायला आपली जाणती माणसं लागतात. म्हणून तपास यंत्रणेच्या रिकाम्या जागा, तिचं बजेट या कंटाळवाण्या बातम्या आपण वाचायला हव्यात.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने नवं ‘लोकल ऑडिट ऑफिस’ उभारण्याची घोषणा केली. खासगी कंपन्या राहतीलच, पण सोबत काही सरकारी ऑडिटरही असावेत, असा विचार त्यात आहे. म्हणजे साधारण १९८३ ची मांडणी. फक्त तेव्हा हाताशी पिढ्यान्‌पिढ्या घडलेली फौज होती. आता ती भरतीच्या जाहिरातीपासून उभी करायची आहे.