‘रद्द’ या शब्दाचा अर्थ महाडला विचारा

चवदार तळ्याचा इतिहास सांगताना आपण २० मार्च १९२७ ला थांबतो. त्याच वर्षीचा ४ ऑगस्ट मात्र विसरतो. त्या दिवशी महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले करणारा आपला ठराव रद्द केला.

‘रद्द’ हा शब्द मूळचा अरबी. अर्थ : परत फिरवणे, माघारी धाडणे. ‘बातल’ही अरबीच, ‘बातिल’वरून आलेला. अर्थ : पोकळ, खोटे, निष्फळ. फारसी कारभारातून हे दोन्ही शब्द मराठी दफ्तरात आले आणि जोडीने ‘रद्दबातल’ झाले. घरात साचणारी रद्दीही याच कुळातली. कायद्यांसाठी सरकारी मराठीने ‘निरसन’ हा संस्कृत शब्द घेतला, पण ठराव आणि हुकूम अजून रद्दच होतात.

आता प्रश्न असा, की माघारी काय धाडले जाते? जे दारात आले आहे तेच ना? ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुली झाली. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला. पुढची तीन वर्षे तो कागदावर होता आणि तोवर तो रद्द करण्याची निकड कुणालाच भासली नाही! बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायल्यावर तो जिवंत झाला. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ झाले आणि बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी नगरपालिकेने आपला शब्द फिरवला.

ठराव गेल्यावर उरली रूढी. आमच्या मते खरी मेख इथेच आहे. ठराव सभेने केलेला असतो, म्हणून सभा तो रद्द करू शकते. रूढी कोणत्या सभेने मंजूर केली होती? ती रद्द करायला कोणाकडे अर्ज द्यायचा? डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दिवाणी दावा लावला तो याच रूढीच्या जोरावर. तो नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : ही रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलेले नाही. म्हणजे रूढी हरली ती पुराव्याअभावी. ती अन्यायी आहे म्हणून नव्हे, हे आपल्या तरुणांनी नीट लक्षात घ्यावे.

ही फट संविधानाने बुजवली. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा अनुच्छेद १३ तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवतो, आणि तिथे ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत अध्यादेश, आदेश, नियम यांच्याच रांगेत कायद्याचे बळ असलेली रूढीही बसवलेली आहे.