वैनगंगेच्या कांठीं पुन्हां

भंडारा जिल्ह्यांत पाहण्यासारखें काय आहे, असा प्रश्न पुण्यामुंबईच्या स्नेह्यांनीं आम्हांस अनेकवार विचारला आहे. आणि दरवेळीं भात, तळीं व पितळेचीं भांडीं एवढें सांगून आम्हीं आपली सुटका करून घेतली आहे. वास्तविक आमचें बाळपण याच जिल्ह्यांत गेलें. परंतु ज्या गांवांत दंडार पाहण्यासाठीं रात्री जागविल्या, त्या गांवांचा इतिहास विचारावा असें तेव्हां कधीं सुचलें नाहीं. यंदा दिवाळीच्या सुमारास सवड काढून आम्ही जिल्ह्यांतून पुन्हां फिरलों, त्याची ही हकीकत.

आरंभ भंडारा शहरापासूनच केला पाहिजे, कारण नांवाचा वाद तेथेंच आहे. रतनपूरच्या कलचुरि जाजल्लदेवाचा १११४ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. ज्या मंडलाधिपतींकडून त्याला वार्षिक नजराणा येई, त्यांच्या यादींत वैरागर आणि लांजिका यांच्या जोडीला भाणार हें नांव आलें आहे. उलट १९०८ सालच्या इंग्रजी गॅझेटियरानें हें नांव ‘भाणें’, म्हणजे पितळेचें पात्र, यावरून लाविलें. ही दुसरी व्युत्पत्ति लोकांस फार आवडते. ती खरी असो वा नसो, कासारांच्या ठोक्यांनीं एके काळीं येथील आळ्या दणाणून जात, हें आम्हीं स्वतः ऐकलेलें आहे. आधीं अॅल्युमिनम आलें, मागून स्टील आलें. आतां त्याच आळींतून जातांना माणसाला आपल्या पावलांचा आवाज ऐकूं येतो. याच भंडाऱ्यानें १९५४ च्या पोटनिवडणुकींत डॉ. आंबेडकरांना लोकसभेवर निवडून दिलें नाहीं. ती गोष्ट शहर मोठ्यानें सांगत नाहीं.

भंडाऱ्याहून खालीं वैनगंगेला कन्हान मिळते, तेथें अंभोरा आहे. सरकारी कागदांत हें स्थान नागपूर जिल्ह्यांत असलें तरी पैलतीर भंडाऱ्याचा आहे, आणि नदीनें असा भेद कधीं मानलेला नाहीं. शके १११० मध्यें मुकुंदराजानें ‘विवेकसिंधु’ येथेंच रचिला, अशी या बाजूची दृढ श्रद्धा. अंबेजोगाईकरांचा दावा याच्या उलट. विद्वानांचा हा तंटा आम्ही तोडूं शकत नाहीं. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसली. पुढें त्याच्या फुगवट्यानें हा संगम असा कांहीं पसरला आहे, कीं कोणती नदी कोठें मिळाली हें बोट दाखवून सांगतां येत नाहीं. २०२४ सालीं खुला झालेला उंच पूल पाहण्यास माणसांची रीघ लागलेली असते. वरून देखावा खरोखर मनोहर आहे. पण नागपूरचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानेंत व कन्हानेंतून याच जलाशयांत येतें, आणि ज्यांचीं घरें याच्या तळाशीं गेलीं, त्यांची वस्ती पुलावरून दिसत नाहीं.

आतां पवनी. हें आमचें आजोळ, म्हणून येथें थोडें रेंगाळण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी. एका अंगाला नदी आणि इतर बाजूंनीं मातीचा प्रचंड तट व खंदक, अशी या गांवाची ठेवण आहे. लहानपणीं त्या तटावरून आम्ही घसरत असूं. तो एखाद्या गोंड राजाचा असेल, याहून अधिक कल्पना कोणास नव्हती. १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खातें यांच्या वतीनें शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां जगन्नाथाच्या टेकडींतून बौद्ध स्तूप बाहेर आला. ज्या टेकडीवर जगन्नाथाचें देऊळ, तिच्याच पोटांत दोन हजार वर्षांपूर्वींचा स्तूप! वेदिकेच्या स्तंभांवर दान देणाऱ्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. त्याआधींच वासुदेव विष्णु मिराशी यांनीं भार कुळांतील भगदत्त राजाचा पवनीचा लेख प्रसिद्ध केला होता. भंडारा हें नांव या भारांवरूनच पडलें असावें, असाही तर्क झालेला आहे, आणि भाण्यापेक्षां आम्हांस तो अधिक पटतो. रूपिअम्म नांवाच्या महाक्षत्रप कुमाराचा स्मृतिस्तंभही येथलाच. शकांच्या सत्तेचा वारा वैनगंगेपर्यंत पोंचला होता, याची साक्ष देणारा तो दगड नागपूरच्या संग्रहालयांत आहे. पवनीकराला तो पाहावयाचा तर मोटारीचें भाडें भरावें लागतें.

वैजेश्वराच्या घाटाकडे जातांना एका जुन्या पडवीच्या भिंतींत हातभर लांबीच्या भाजक्या विटा आम्हांस दिसल्या. आजकाल अशी वीट कोणी पाडीत नाहीं. त्या कोठून आणल्या, हें घरधन्यास विचारावेंसें वाटलें; परंतु धीर झाला नाहीं. कारण आजोबांच्या घराचा जोता तशाच विटांचा होता, आणि त्यावर बसून आम्हीं उन्हाळ्याच्या कित्येक दुपारी आंबे खाल्ले आहेत.

तुमसराकडील अंबागड किल्ल्याविषयीं फारसें लिहीत नाहीं. बख्त बुलंदाचा सरदार राजाखान पठाण यानें तो बांधिला. भोसल्यांनीं त्याचा तुरुंग केला, आणि आंतील विहिरीचें कुजकें पाणी पाजून कैदी मारीत, अशी आख्यायिका आहे. चढण सोपी आहे.

साकोलीच्या वाटेवर मात्र गाडी वारंवार थांबवावी लागली. येथला खरा इतिहास दगडांत नसून पाण्यांत आहे. कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या आश्रयानें तळीं बांधिलीं. गोंड राजानें त्यांना काशीहून आणिलें, अशी कथा ते सांगतात. नवेगांवबांध बांधणारा कोलू पाटील तर कोलासुर होऊन देवच झाला. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तो देव तिकडे गेला! १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व पुढील वर्षीं तळीं सरकारच्या हातीं आलीं. मालगुजारांच्या जुलमाची वकिली आम्हांस करावयाची नाहीं. परंतु पाळ कोणीं दुरुस्त करावी, गाळ कोणीं काढावा आणि पहिलें पाणी कोणाच्या बांधींत सोडावें, याची गांवाला मुखोद्गत असलेली रीत त्याबरोबरच सैल झाली. आतां पुष्कळ तळ्यांत बेशरम माजला आहे.

एका पाळीवर एक म्हातारे कोहळी बसले होते. आम्हीं तुडूम कोठें आहे, म्हणून विचारलें. हा शब्द आमच्या तोंडीं ऐकून ते प्रथम चपापले. मग आमचें आजोळ विचारून घेतलें आणि काठी टेकीत पुढें झाले. तुडूमाच्या वरच्या दोन भोकांतून पाणी सुटलेलें होतें. भारी धानाला हें शेवटचें पाणी, असें ते म्हणाले. खालच्या बांधींत त्यांचा नातू फावड्यानें धुरा फोडीत होता, आणि त्यानें चुकीच्या बाजूस फोडला म्हणून आजोबा पाळीवरूनच त्याला ओरडूं लागले.