पन्नास दिवसांच्या हातकड्या

मी कविता लिहितो. त्यामुळे इतिहास वाचताना राजांच्या आधी माझी नजर लिहिणाऱ्यांच्या हातांकडे जाते. जपानच्या इतिहासातले असे दोन हात मला विसरता येत नाहीत.

साल १७९१. एदो, म्हणजे आजचे टोकियो. सांतो क्योदेन हा तिथला लोकप्रिय लेखक. त्याने गणिकांच्या वस्तीतल्या जगण्यावर तीन पुस्तके लिहिली. सरकारने त्याला पन्नास दिवस हातकड्या घातल्या. प्रकाशकालाही जबर दंड झाला.

ही शिक्षा ज्याच्या कारकिर्दीत झाली, तो मात्सुदायरा सादानोबु दुष्ट माणूस नव्हता. १७८७ मध्ये तो शोगुनचा मुख्य मंत्री झाला, तेव्हा दुष्काळाने देश होरपळला होता. त्याच वर्षी एदोत भुकेल्या लोकांनी तांदळाची दुकाने फोडली होती. सादानोबुने धान्याची कोठारे भरायला लावली. शहराच्या खर्चात जी बचत झाली, तिचा सत्तर टक्के हिस्सा अडीअडचणीसाठी राखून ठेवला. गरिबांनी त्याला दुवाच दिला असेल.

पण खरे दुखणे निराळे होते. सामुराईंचा पगार तांदळात, खर्च मात्र रोख पैशांत. मग पुढच्या तांदळावर कर्ज काढायचे. समाजाच्या उतरंडीत तळाशी मानलेला व्यापारी असा वरच्यांचा सावकार झाला. १७८९ मध्ये सादानोबुने सामुराईंची १७८४ पर्यंतची कर्जे रद्द केली. सावकारांनी हात आखडता घेतला आणि सामुराईंना नवे कर्ज मिळेना.

समाज पुढे गेला होता. सरकार मात्र त्याला जुन्या साच्यात बसवू पाहत होते. म्हणून चैनीवर, करमणुकीवर, पुस्तकांवर बंधने आली. १७९३ मध्ये सादानोबु पायउतार झाला. पुढे १८४२ मध्ये, सुधारणांच्या नव्या लाटेत, तामेनागा शुनसुई या कादंबरीकारालाही पन्नास दिवस हातकड्या पडल्या. दुखणे तेच, औषधही तेच. १८६८ मध्ये ती राजवटच संपली.

क्योदेनने पुढे तंबाखूच्या बटव्यांचे दुकान काढले, पण लिहिणे सोडले नाही. सादानोबुने राखलेला निधीही राजवटीनंतर उरला आणि टोकियोच्या रस्त्यां-पुलांच्या कामी आला. त्या सुधारणांतले लोकांच्या पोटासाठी जे केले, ते टिकले. हातकड्या मात्र पन्नास दिवसांनी काढाव्याच लागल्या.