पिवळी तार, लाल तार आणि तुमचा प्रबंध

तुमच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग, दप्तरखान्यात काढलेले कागदांचे फोटो, प्रयोगाचे आकडे हे सगळं कुठे आहे, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, हार्ड डिस्कवर. बरोबर. पण हार्ड डिस्कवर म्हणजे तिच्या नेमक्या कुठल्या भागात? प्रश्न फालतू वाटेल. पण चुकीची वायर लागून डिस्कमधून जळका वास येतो, त्या दिवशी सगळं याच उत्तरावर अडलेलं असतं. आणि या उत्तराला इतिहास आहे. १९८५ साली ते वेगळं होतं, १९९५ साली वेगळं आणि आज आणखी वेगळं. तो इतिहास माहीत नसेल तर माणूस वीस वर्षांपूर्वीचा सल्ला आज वापरतो, आणि वाचू शकला असता असा डेटा घालवून बसतो.

सुरुवात १९५६पासून करू. आयबीएमच्या रॅमॅक संगणकासोबत आलेल्या साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यात ५० लाख अक्षरं मावायची. यंत्राचं वजन टनाच्या घरात. ते घरी आणून कुणी वायर लावत नव्हतं, कंपनीचा तंत्रज्ञ येऊन जोडून द्यायचा. त्यामुळे आपल्या विषयातली चूक करायची सोयच त्या काळात नव्हती. ती सोय १९८०मध्ये झाली. सीगेटने ५ मेगाबाइटची, सव्वापाच इंची एसटी-५०६ ही ड्राइव्ह काढली, आणि हार्ड डिस्क टेबलावरच्या संगणकात, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हातात आली.

या ड्राइव्हला दोन वेगळे व्होल्टेज लागत. मोटर फिरवायला १२ आणि इलेक्ट्रॉनिक्सला ५. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ची, मधे दोन काळ्या. आपल्याकडे दुकानदार ज्याला 'मोलेक्स' म्हणतात तो हा चार पिनांचा कनेक्टर. त्याचे दोन कोपरे तिरपे कापलेले असतात, उलटा बसू नये म्हणून. पण प्लॅस्टिक सैल झालं आणि अंगठ्यात जोर असला की तो उलटाही बसायचा. मग पिवळी लालच्या जागी. पाच व्होल्टवर जगणाऱ्या चिपांना बारा मिळाले, की धूर.

आता गंमत बघा. एसटी-५०६च्या काळात ड्राइव्ह तशी 'बिनडोक' होती. डेटा कसा लिहायचा, कसा वाचायचा हे ठरवणारं कंट्रोलर कार्ड संगणकाच्या आत वेगळं असायचं. १९८६च्या सुमारास आयडीई पद्धत आली आणि कंट्रोलर ड्राइव्हच्या पोटाखालच्या हिरव्या बोर्डावर जाऊन बसला. जुळणी सोपी झाली, ड्राइव्ह स्वस्त झाल्या. पण मेंदूच त्या बोर्डावर गेल्यामुळे वायरिंगची चूक आता थेट मेंदूला लागायला लागली.

तरीही नव्वदच्या दशकात उपाय सोपा होता. त्याच मॉडेलची दुसरी ड्राइव्ह मिळवायची, चार-सहा स्क्रू काढायचे, चांगला बोर्ड जळक्याच्या जागी लावायचा. बऱ्याचदा चालायचं. कारण डेटा बोर्डावर नसतोच, तो आतल्या तबकड्यांवर चुंबकीय ठिपक्यांच्या रूपात असतो. बोर्डावर बारा व्होल्ट आले काय नि वीस आले काय, त्या ठिपक्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

मग डेटाची घनता वाढत गेली. ठिपके इतके बारीक झाले, की एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन ड्राइव्हसुद्धा एकसारख्या राहिल्या नाहीत. प्रत्येकीचं हेड थोडं वेगळं, त्याला लागणारा करंट थोडा वेगळा. म्हणून प्रत्येक ड्राइव्ह कारखान्यात मोजून-मापून तिचे स्वतःचे आकडे साठवायची पद्धत पक्की झाली. त्यातले काही तबकडीवरच्या राखीव भागात असतात, आणि ड्राइव्ह उठून उभी राहण्यापुरते लागणारे काही बोर्डावरच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये. आठ पायांची, नखापेक्षाही लहान चिप. साधारण २००० नंतरच्या ड्राइव्हवर नुसता दुसरा बोर्ड लावला, तर त्याच्यासोबत दुसऱ्याच ड्राइव्हचे आकडे येतात. मग हेड खटखट आवाज करत जागा शोधत बसतं, किंवा ड्राइव्ह काही बोलतच नाही.

म्हणून आज बोर्ड बदलायचा तर जळक्या बोर्डावरची ती चिप गरम हवेने सोडवून नव्या बोर्डावर सोल्डर करावी लागते, किंवा तिच्यातला मजकूर वाचून नव्या चिपमध्ये भरावा लागतो. काही मॉडेलमध्ये ती वेगळी नसते, मुख्य चिपच्या पोटातच असते. तेव्हा काम आणखी अवघड.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे ओळखीचं काहीतरी दिसेल. 'सेम मॉडेलचा बोर्ड टाक, चालेल' हा सल्ला खोटा नाही. तो १९९६चा आहे. आपण बखर वाचताना ती कधी लिहिली हे आधी पाहतो ना? दुरुस्तीचा सल्लाही तसाच वाचायचा. देणारा प्रामाणिक असेल, पण तो कुठल्या सालच्या ड्राइव्हबद्दल बोलतोय ते बघा.

बरं, आजकाल कनेक्टर उलटा बसत नाही. २००३मध्ये आलेल्या सॅटाच्या पंधरा पिनांच्या चपट्या कनेक्टरला इंग्रजी 'एल'चा आकार आहे, तो बसतो तर सुलटच. मग चूक होते कुठे? दुसऱ्या टोकाला. मॉड्युलर पॉवर सप्लाय आले, म्हणजे ज्यांच्या केबल दोन्हीकडून निघतात. ड्राइव्हकडचं टोक प्रमाणित आहे, सप्लायकडचं नाही! कुठल्या पिनवर किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. सप्लाय बदलला आणि जुन्या केबल तशाच ठेवल्या, तर त्या नीट बसतात, 'टक्' आवाजही येतो, आणि पाचच्या जागी बारा जातात. माझ्या मते हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि तो वापरणाऱ्याचा नाही. हातात बसणारी गोष्ट चालली पाहिजे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आपल्याकडे दिसणारा दुसरा प्रकार अडॅप्टरचा. साडेतीन इंची बाहेरच्या ड्राइव्हचा अडॅप्टर सहसा १२ व्होल्टचा, लॅपटॉपचा १९च्या आसपास, आणि गोल पिन कधीकधी एकमेकांत बसते. होस्टेलच्या खोलीत एका एक्स्टेन्शन बोर्डाला चार काळे अडॅप्टर लोंबत असतात, पुढचं सांगायला नको.

असं झालं की ड्राइव्हच्या आत काय होतं? बहुतेक बोर्डांवर व्होल्टेज आत येतं तिथेच संरक्षक डायोड बसवलेले असतात, सहसा एक ५ व्होल्टच्या वाटेवर आणि एक १२च्या. जास्त व्होल्टेज आलं की डायोड ते स्वतःवर घेऊन जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडला वळवतो. मार जोराचा असेल तर तो स्वतः मरतो, पण मरताना शॉर्ट होऊन मरतो, त्यामुळे मागच्या चिपांपर्यंत काही पोचत नाही. म्हणूनच ड्राइव्ह लावली की अख्खा संगणक सुरूच होत नाही आणि काढली की सुरू होतो, हे लक्षण दिसलं तर ती आशेची बातमी समजा. मल्टिमीटरने पाहिलं तर ती लाइन आणि ग्राउंड यांच्यात जवळजवळ शून्य ओहम दिसतात. सोल्डरिंगचा हात असलेला माणूस तो डायोड नुसता काढून टाकतो, आणि इतर काही जळलं नसेल तर ड्राइव्ह उठते. पण आता तिला चिलखत नाही. डेटा लगेच दुसरीकडे उतरवायचा आणि तिला निवृत्त करायचं.

डायोड अपुरा पडला तर पुढच्या चिपा जातात, आणि तिथे एक वाईट शक्यता असते. हेडकडून येणारा सिग्नल फार क्षीण असतो, म्हणून तो वाढवणारी एक चिप बंद पेटीच्या आत, हेडच्या दांड्यालाच बसवलेली असते. ती जळली तर बोर्ड बदलून उपयोग नाही. पेटी उघडून पूर्ण हेड-संच बदलावा लागतो, तोही धूळमुक्त खोलीत. खर्च तिथे उडी मारतो.

तबकड्या किती सोसतात याचं टोकाचं उदाहरण वायरिंगचं नाही, पण सांगायलाच हवं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना फुटलं. कल्पना चावला त्यातच होत्या. यानावर झेनॉन वायूच्या श्यानतेचा एक प्रयोग होता, त्याच्या ड्राइव्हपैकी एक टेक्सासमध्ये अवशेषांत काही महिन्यांनी सापडली. बोर्ड ओळखू न येण्याइतका जळालेला, प्लॅस्टिक वितळलेलं. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तबकड्या काढून, स्वच्छ करून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा वाचला. संगणकावर डॉस होतं, ते फायली डिस्कभर विखरून ठेवत नाही, याचाही फायदा झाला. २००८मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई'मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आमच्या लॅबमध्ये दोन डिस्कवर एकाच वेळी कॉपी होते, आम्हाला काय भीती! या कल्पनेवर बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८मध्ये निबंध लिहिला. एक ड्राइव्ह गेली तरी दुसरी राहील, हे गणित ड्राइव्ह एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात या गृहीतकावर उभं आहे. लेखकांना त्याची मर्यादा माहीत होती. भूकंप किंवा विजेचा झटका आला तर असं होणार नाही, हे त्यांनी कंसात नोंदवलंय. चुकीची केबल हा त्याच कंसातला प्रकार. एका केबलला चार कनेक्टर असतात, चारही ड्राइव्ह एकाच क्षणी जातात, मूळ प्रत आणि तिची प्रतिकृती दोन्ही.

शेवटी एक कामाची गोष्ट. ड्राइव्ह दुरुस्तीला देताना जळका बोर्ड दुकानदाराला फेकू देऊ नका. स्वतःहून 'जादा' बोर्ड मागवून लावून पाहिला असेल, तर ते सांगा आणि मूळ बोर्ड सोबत द्या. पाकिटात घालून ड्राइव्हलाच चिकटवून ठेवला तर उत्तम. ती आठ पायांची चिप त्याच्यावर आहे, आणि बाहेरच्या काही ड्राइव्हमध्ये तर डेटा कुलूपबंद करून लिहिणारी चिपसुद्धा त्याच बोर्डावर असते.