सन्मानाविना : ब्राउन्सव्हिलचे १६७ शिपाई

धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्या धर्मगुरूला कागदाची किंमत निराळी शिकवावी लागत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक अक्षर चुकले तर पासपोर्ट अडतो, लग्न लांबणीवर पडते, म्हाताऱ्या विधवेची पेन्शन थांबते. आमच्या नोंदवहीतील चूक दुरुस्त करावयाची झाली, तर मूळ नोंद खोडली जात नाही. समासात टीप लिहिली जाते आणि त्याखाली तारीख व सही येते. मूळची चूक आणि मागाहूनची दुरुस्ती, दोन्ही पुढच्या पिढ्यांना दिसत राहतात.

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त सुभेदार आपले लष्करातील सेवामुक्तीचे पुस्तक बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या दाखल्यांशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. एकदा आम्ही त्यांना विचारले, "एवढे काय जपता?" ते म्हणाले, "फादर, यात माझ्या चाल-चलनापुढे एक शब्द लिहिला आहे. त्या शब्दासाठी मी चोवीस वर्षे दिली." त्यांचे हे उद्गार ऐकले आणि फार पूर्वी वाचलेला एक इतिहास आम्हाला आठवला. अशाच एका शब्दासाठी एका शिपायाला सहासष्ट वर्षे थांबावे लागले होते. तो इतिहास आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, रिओ ग्रँदे नदीच्या काठी ब्राउन्सव्हिल नावाचे गाव आहे. नदीपलीकडे मेक्सिको. गावाला लागूनच फोर्ट ब्राउन ही लष्करी छावणी होती. १९०६ च्या जुलैअखेर तेथे पंचविसाव्या पायदळ पलटणीच्या तीन कंपन्या नेब्रास्का राज्यातून येऊन दाखल झाल्या. त्या काळी अमेरिकन लष्करात काळ्या शिपायांच्या पलटणी वेगळ्या असत, आणि त्यांच्यावरील अधिकारी मात्र गोरे असत. पंचविसावी ही त्यांपैकीच एक. क्यूबात आणि फिलिपाइन्समध्ये तिने आपले रक्त सांडले होते. ब्राउन्सव्हिलच्या गोऱ्या नागरिकांना तिचे येणे मुळीच रुचले नाही. शिपायांना दुकानांत अटकाव होऊ लागला, आणि एकाला तर पिस्तुलाच्या दस्त्याचा मार बसला. १२ ऑगस्टला एका गोऱ्या स्त्रीवर शिपायाने हात टाकल्याची आवई उठली. छावणीचे प्रमुख मेजर पेनरोज यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्व शिपायांना छावणीत परत बोलावून बाहेर जाण्यास मनाई केली.

त्याच रात्री, म्हणजे १३ ऑगस्टला मध्यरात्रीच्या सुमारास, गावातील रस्त्यांवर सुमारे दहा मिनिटे गोळीबार झाला. दारूच्या दुकानातील एक नोकर ठार झाला. एका पोलीस अधिकाऱ्याच्या हाताला गोळी लागली व पुढे तो हात कापावा लागला. गोळीबार करणारे काळे शिपाईच होते, असे गावकऱ्यांनी सांगितले. अधिकाऱ्यांनी ताबडतोब हजेरी घेतली होती आणि तीत माणसे जागच्या जागी सापडली होती. सकाळी बंदुका तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. परंतु नगराध्यक्षांनी रस्त्यावर वेचलेली लष्करी बंदुकीच्या काडतुसांची रिकामी नळकांडी पुढे केली, आणि बहुतेकांच्या मनात तेथेच निकाल लागून गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. टेक्सास रेंजर्सच्या कप्तानाच्या आग्रहावरून बारा शिपायांना पकडण्यात आले. त्यांचे प्रकरण त्याच जिल्ह्याच्या ग्रँड ज्युरीपुढे गेले. ही ज्युरी काही शिपायांच्या मित्रांची नव्हती. तरीही तिला एकावरही आरोप ठेवण्याइतका पुरावा आढळला नाही. न्यायाच्या सरळ वाटेने पाहता प्रकरण येथेच संपावयास हवे होते.

ते संपले नाही. लष्कराचे महानिरीक्षक जनरल गार्लिंग्टन चौकशीला आले. त्यांनी शिपायांना विचारले, "गोळीबार कोणी केला?" प्रत्येकाचे उत्तर एकच, "आम्हाला ठाऊक नाही." ज्याला खरोखर ठाऊक नाही तो याहून वेगळे काय सांगणार? परंतु महानिरीक्षकांनी या उत्तराला मौनाचा कट मानले, आणि दोषी पुढे येत नाहीत तर सर्वांना काढून टाकावे अशी शिफारस केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती मान्य केली. ५ नोव्हेंबर १९०६ ही हुकुमाची तारीख. दुसऱ्या दिवशी देशात निवडणुकीचे मतदान होते, आणि हुकूम लोकांसमोर आला तो मतदान आटोपल्यानंतर. बुकर टी. वॉशिंग्टन या काळ्या समाजाच्या पुढाऱ्याने राष्ट्राध्यक्षांना थांबण्याची विनंती केली होती, ती व्यर्थ गेली. १६७ शिपाई एकदम लष्कराबाहेर झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रूझवेल्टना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हीही इतिहासाची नोंद आहे.

या १६७ जणांच्या कागदावर जे शब्द पडले, ते होते 'सन्मानाविना सेवामुक्त'. यातील मेख वाचकांनी समजून घ्यावी. अपमानास्पद बडतर्फी ही शिक्षा आहे. ती देण्यापूर्वी लष्करी न्यायालय बसते, आरोपीला आरोप कळतो, वकील मिळतो, साक्षीदारांची उलटतपासणी करता येते. सन्मानाविना सेवामुक्ती ही मात्र कागदोपत्री शिक्षाच नव्हती, नुसता प्रशासकीय हुकूम होता. म्हणून खटला चालविण्याची गरजही नव्हती. परिणाम मात्र शिक्षेचाच झाला. पेन्शनचा हक्क गेला, पुन्हा भरती होण्याचा मार्ग बंद झाला, सरकारी नोकरीही मिळेना. यांपैकी मुलकी नोकरीवरील बंदी तेवढी जानेवारी १९०७ मध्ये उठविण्यात आली. मिंगो सँडर्स नावाचा फर्स्ट सार्जंट त्यांत होता. त्याची सव्वीस वर्षांची नोकरी झाली होती. त्याने क्यूबा व फिलिपाइन्स येथील युद्धे पाहिली होती. परत घ्यावे म्हणून त्याने अर्ज केला, तो नाकारला गेला.

या माणसांची बाजू घेणारा एक मोठा मनुष्य निघाला, आणि तो राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचा होता. ओहायोचे सिनेटर जोसेफ फोरेकर यांनी सिनेटच्या लष्करी समितीकडून चौकशी करविली. रस्त्यावर सापडलेली नळकांडी पूर्वी नेब्रास्काच्या चांदमारीवर उडविलेल्या काडतुसांची असू शकतात, आणि अंधाऱ्या रात्री दुरून माणसाचा वर्ण व गणवेश ओळखल्याची साक्ष टिकणारी नाही, हे त्यांनी बारकाईने मांडले. १९०८ मध्ये समितीच्या बहुसंख्य सभासदांनी राष्ट्राध्यक्षांचीच पाठराखण केली. फोरेकरांची सिनेटमधील कारकीर्द १९०९ मध्ये संपली. त्यांच्या धडपडीतून एवढेच निष्पन्न झाले की निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचे एक चौकशी मंडळ नेमले गेले, आणि १९१० मध्ये त्याने चौदा जणांना पुन्हा भरती होण्यास पात्र ठरविले. त्या चौदांनाच का आणि उरलेल्यांना का नाही, याचे समाधानकारक कारण देण्यात आले नाही. बाकीच्यांच्या नशिबी विस्मृती आली.

त्या उरलेल्यांपैकी एक डॉर्सी विलिस. मिसिसिपीत जन्मलेला हा तरुण १९०५ मध्ये भरती झाला, तेव्हा विशीही ओलांडलेला नव्हता. लष्कराबाहेर पडल्यावर तो पुढे मिनियापोलिस शहरात स्थिरावला. तेथे एका केशकर्तनालयात लोकांचे जोडे चमकविणे आणि जमीन झाडणे हे काम त्याने एकोणसाठ वर्षे केले. त्या कागदाने आपल्याला आयुष्यात वर चढू दिले नाही, असे तो म्हाताऱ्या वयात सांगत असे.

दरम्यान कायदा बदलत होता. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांसाठी १९४४ मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला, त्याने सेवामुक्तीचा शेरा फेरतपासणारी मंडळे निर्माण केली. सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षांच्या आत सैनिकाने अर्ज करावा आणि आपल्यावर नियमबाह्य किंवा अन्याय्य वागणूक झाल्याचे दाखवावे, अशी त्यांची रीत. सर्वोच्च लष्करी न्यायालयाची शिक्षा त्यांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. १९४६ च्या कायद्याने नोंदी दुरुस्त करणारी आणखी वरची मंडळे आली. तेथे चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, पण न्यायासाठी ती माफ करता येते. अलीकडे, २०१४ मध्ये, संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी या मंडळांना आणखी एक सूचना दिली. युद्धाच्या आघाताने मन विस्कटलेल्या सैनिकाच्या हातून जी गैरवर्तणूक घडली असेल, तिचा विचार त्यांनी उदारपणे करावा. आपल्या देशातही २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची वाट आपल्या जवानांनाही आहे.

ब्राउन्सव्हिलची फाईल मात्र उघडली ती एका पुस्तकामुळे. जॉन वीव्हर या लेखकाने १९७० मध्ये साऱ्या पुराव्यांची नव्याने छाननी करून शिपाई निर्दोष होते असे प्रतिपादन केले. ते वाचून कॅलिफोर्नियाचे काळे लोकप्रतिनिधी ऑगस्टस हॉकिन्स यांनी संसदेत विधेयक आणले. लष्कराला आपली कागदपत्रे पुन्हा तपासावी लागली. २८ सप्टेंबर १९७२ रोजी लष्कराच्या मंत्र्यांनी हुकूम काढला आणि सर्व शिपायांची सेवामुक्ती सन्मानपूर्वक ठरविली. त्या वेळी फक्त दोघे हयात असल्याचे आढळले. त्यांतील एक १९१० च्या चौदांपैकी होता. दुसरा होता डॉर्सी विलिस.

११ फेब्रुवारी १९७३ रोजी, त्याच्या सत्त्याऐंशीव्या वाढदिवशी, मिनियापोलिसच्या झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये लष्कराच्या अधिकाऱ्यांनी सन्मानपूर्वक सेवामुक्तीचा कागद त्याच्या हाती दिला. थकलेले वेतन त्या हुकुमात नव्हते. पुढे संसदेने निराळा कायदा करून त्याला २५,००० डॉलर आणि पुनर्विवाह न केलेल्या विधवांना प्रत्येकी १०,००० डॉलर देऊ केले. १९७७ मध्ये विलिस निवर्तला. त्याला फोर्ट स्नेलिंगच्या राष्ट्रीय दफनभूमीत सैनिकाच्या मानाने मूठमाती देण्यात आली.

हा इतिहास वाचून रूझवेल्टना दोष देणे सोपे आहे. आम्हाला ते तितके सोपे जात नाही, आणि त्याचे कारण सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, सणाच्या रात्री मंडपाची मोडतोड झाली. आम्ही पाच तरुणांना बोलावून विचारले. पाचही म्हणाले, "फादर, आम्हाला ठाऊक नाही." आम्हाला राग आला. खरे सांगेपर्यंत पाचांपैकी कोणालाही वर्तणुकीचा दाखला मिळणार नाही, असे आम्ही जाहीर केले. त्यांतील एकाला परगावच्या नोकरीसाठी तो दाखला हवा होता. तो दोनदा आला, आम्ही दोनदा परत पाठविला. महिन्याभराने कळले की त्या रात्री तो इस्पितळात आपल्या आईच्या उशाशी बसला होता. दाखला लिहून आम्ही स्वतः त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. त्याने दोन्ही हातांनी कागद घेतला आणि म्हणाला, "फादर, मुदत गेल्या मंगळवारी संपली."

त्याने आम्हाला एक शब्दही उणा बोलला नाही. परंतु सदोम नगरासाठी रदबदली करणाऱ्या अब्राहामावर आम्ही जे प्रवचन देत असू, ते त्या दिवसानंतर आम्हाला पूर्वीसारखे देता आले नाही. अनेकांच्या मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावावा, आणि चौकशीची दगदग नको म्हणून सगळ्यांनाच एका माळेत ओवावे, हे पाप राष्ट्राध्यक्षाच्या हातून जसे घडते, तसेच धर्मगुरूच्या, मुख्याध्यापकाच्या, बापाच्या हातूनही घडते. फरक फक्त बळी पडणाऱ्यांच्या संख्येचा.

१६७ पैकी बहुतेकांची दुरुस्ती त्यांच्या कबरीवर झाली. ती करावयासच हवी होती, कारण नातवंडांनाही आपल्या आजोबांचे नाव स्वच्छ हवे असते. तरी समासातील टीप माणूस हयात असताना लिहिली जावी, हे बरे. आपल्यापैकी कोणाच्या घरी एखाद्या माजी सैनिकाचा असा कागद पेटीच्या तळाशी पडून असेल, तर संकोच न करता तो बाहेर काढा, जाणत्या वकिलाला दाखवा, मुदत विचारा. आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याविषयी एक शब्द लिहिण्याचा अधिकार आहे, त्यांनी लेखणी टेकविण्यापूर्वी त्या एकट्या माणसाला पुन्हा एकदा बोलावून विचारावे. आम्ही आता तसेच करतो.